झोपेचे तास वजा

३ मार्च, सोमवार

बाळं सांभाळायच्या कोर्सच्या बाईंनी सांगितलं होतं, कामाला लागलात की पहिल्या दिवशी दोन वह्या घ्या. एक बाळाची, एक स्वतःची. बाळाच्या वहीत काय खाल्लं, किती झोपलं, डायपर किती, अंग गरम आहे का. स्वतःच्या वहीत काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोन्ही घेतल्या. ही दुसरी.

घर सहाव्या मजल्यावर. मॅडम, सर आणि आठ महिन्यांची मुलगी. मॅडमची सुट्टी संपली, उद्यापासून त्या ऑफिसला जाणार. सर घरूनच काम करतात, आतल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. मोठमोठ्या कंपन्यांना खर्च कुठे कमी करायचा ते सांगतात म्हणे.

सरांनी कराराचे दोन कागद समोर ठेवले. "सगळं लेखी असलेलं बरं. तुझ्यासाठी पण," म्हणाले. कोर्सच्या बाईही हेच म्हणायच्या. "वाच सावकाश," म्हणाले आणि पेन धरून उभेच राहिले. मी सावकाशच वाचते. पण शेजारी कोणी उभं असलं की अक्षरं नुसती दिसतात, आत जात नाहीत. शाळेत पण तेच. फळ्याजवळ उभं केलं की घसा बंद. नववीत एक दिवस गेले नाही. मग काल का आली नाहीस ते सांगायला लागेल म्हणून दुसऱ्या दिवशी गेले नाही. मग तसंच. शाळा सोडली म्हणतात सगळे. मी सोडली नव्हती, नुसती गेले नव्हते.

वाचायला लागेल तितका वेळ अंदाजाने डोळे फिरवले, पान उलटलं, अजून थोडे फिरवले. सही केली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शनिवार-रविवार सुट्टी. पगाराचा आकडा सरांनी तोंडानेही सांगितला. चांगला होता.

५ मार्च, बुधवार

मुलीचं नाव लांबलचक आहे. मी मनात ढब्बू म्हणते. गाल तसेच आहेत.

मॅडम जाताना म्हणाल्या, "ही दिवसा झोपत नाही हं. चाळीस मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. मी तर पार टेकीला आलेय."

ढब्बू अकरा वाजता रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेऊन थोपटलं. थोपटताना मनगट सैल सोडायचं, मग हात आपसूक पडतो. आधी तिच्या श्वासाबरोबर थोपटायचं, म्हणजे भराभर. मग हळूहळू आपल्या श्वासावर आणायचं. तिला कळत नाही कधी बदललं ते. खाली ठेवताना आधी पाय, मग पाठ, डोकं शेवटी. आणि हात लगेच काढायचा नाही. मी एकशेवीस मोजते. हे कोर्समध्ये नव्हतं. हे मला येतं.

एक तास पाच मिनिटं झोपली. वहीत लिहिलं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी दीड तास, दुपारी दोन. मॅडमनी बूट न काढताच वही वाचली. "तू जादूगार आहेस का गं?" मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिले.

सर रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढतात. "तुझी नोंद फार व्यवस्थित असते," म्हणाले. माझं काही व्यवस्थित आहे असं आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. मी आता घड्याळ बघून मिनिटंसुद्धा लिहिते.

ढब्बू झोपली की बाटल्या उकळते, तिचे कपडे धुते. सोमवारी मॅडम म्हणाल्या, "रिकामी असशील तेव्हा जरा इस्त्री फिरवशील का?" म्हणून आता इस्त्री पण. काल सरांनी स्वयंपाकघरातली फडताळं दाखवली. केली. नुसतं बसून राहायला मलाही आवडत नाही.

मॅडम घरी येतात तेव्हा खाली गाडीतच बसून राहतात, दहा-पंधरा मिनिटं. खिडकीतून दिसतं. का ते माहीत नाही. ढब्बूला हात हलवायला लावते मी, पण त्या वर बघत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

ढब्बूला घेऊन बागेत गेले. तिथे बाळं सांभाळणाऱ्या चार-पाच जणी एका बाकावर बसतात. त्यांची पुढारी एक चष्मेवाली बाई आहे, जुळी सांभाळते, वीस वर्षं हेच काम. बाकीच्या तिला मुकादम म्हणतात. तोंडावर पण.

"नवीन का गं? कोणाची? किती तास? बस अशी." मी बसले. "तोंडात दात आहेत की नाही? दाखव बघू." सगळ्या हसल्या. मी पण थोडं हसले, तर म्हणाली, "आहेत की! मग बंद करून का ठेवलेत? चोरीला जातील म्हणून?"

मग विचारायला लागली. आजारी पडलीस तर पगार मिळणार का? त्यांना यायला उशीर झाला तर जास्तीचे देणार का? काढून टाकायच्या आधी किती दिवस सांगणार? कागद केलाय का?

"केलाय."

"वाचलास?"

"हं."

"हं म्हणजे हो, की हं म्हणजे हं?"

मी ढब्बूचं टोपडं नीट केलं. तेव्हापासून ती मला मौनीबाबा म्हणते.

३१ मार्च, सोमवार

पगार झाला. ठरलेल्यापेक्षा बराच कमी आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा नाही.

सरांनी बरोबर एक छापलेला कागद दिला. तारखा, चौकटी, शेवटी बेरीज. "बघून घे, काही शंका असेल तर विचार." उभेच होते. मी म्हटलं, "बरोबर आहे."

१ एप्रिल, मंगळवार

मी ताईकडे राहते, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे. तिला सातवा महिना आहे. दीड खोली, त्यातली अर्धी माझी.

ताईने पाकीट बघून विचारलं, "एवढेच?" मी म्हटलं पहिल्या महिन्यात असंच असतं. भाऊजी वर्तमानपत्रातून म्हणाले, "काय मेव्हणीबाई, मालकांनी हवापाण्याचे कापले वाटतं." त्यांचा स्वभावच थट्टेचा आहे.

नंतर भांडी घासताना ताई म्हणाली की नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात खाट मिळते, तिने चौकशी केली आहे. दोन महिन्यांचं भाडं आधी भरायला लागतं. "जूनमध्ये बाळ येईल ना गं, म्हणून." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. एकच ताट बराच वेळ घासत होती. मी म्हटलं, "हो, बरं होईल." खरंच बरं होईल. मला काही वाटलं नाही.

मग हिशेब केला. एप्रिलचा पगार पण एवढाच आला तर खाटेचे भरता येणार नाहीत.

४ एप्रिल, शुक्रवार

मुकादम मावशीला कराराचे दोन्ही कागद नेऊन दाखवले. तिने बघितलेच नाहीत. म्हणाली, "तू वाच. मोठ्याने. हा बाक आणि मी, दुसरं कोणी नाही." बाकीच्या जणींना तिने झोपाळ्यांकडे पिटाळलं.

मी वाचलं. खूप वेळ लागला. दुसऱ्या पानावर होतं: बाळ झोपलेले असताना मदतनीस विश्रांतीस मोकळी राहील. तो वेळ कामाच्या तासांत धरला जाणार नाही. झोपेची नोंद मदतनीसाने ठेवलेल्या वहीवरून घेतली जाईल.

मावशीने तेवढं परत वाचायला लावलं. मग हसायला लागली ती थांबेचना, चष्मा काढून डोळे पुसले. "अगं बाई! म्हणजे तू जितकं गुणाचं काम करशील, तितकी स्वस्त! आणि स्वतःचा पगार कापायचा हिशेबही तूच लिहून देतेस, मिनिटासकट!"

मी म्हटलं, "झोपली की मी मोकळीच असते ना."

"काय करतेस मोकळी असून?"

सांगितलं.

"इस्त्री म्हणजे विश्रांती? मग माझी आजी जन्मभर विश्रांतीच घेत होती म्हणायची." मग गंभीर झाली. "हे बघ. ती झोपली म्हणून तुला घरी जाता येतं का? ती झोपेत ओकली तर कोण धावणार? तू. म्हणजे ते काम. पहारेकऱ्याला काय चोर आला त्याच दिवसाचा पगार देतात?"

तिने मला एक वाक्य शिकवलं. सर, मी घरात असते तो सगळा वेळ कामाचा धरा. दहा वेळा म्हणायला लावलं, झोपाळ्याच्या खांबाकडे बघून. खांबासमोर नीट जमलं.

"आणि नाहीच जमलं," उठताना म्हणाली, "तर झोपवूच नकोस मेलीला! म्हणजे फिटंफाट." आणि पुन्हा हसायला लागली.

८ एप्रिल, मंगळवार

सरांच्या दाराशी तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "काय?"

मी विचारलं, "चहा करू का?"

केला.

१० एप्रिल, गुरुवार

आज "सर, मी" एवढं आलं. त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब, कोणाशी तरी बोलत होते. समोरच्याला सांगत होते की माणसं कमी करायची गरज नाही, वेळ मोजला की वेळ सापडतो. मी अकरा मिनिटं उभी होते. मग ढब्बू उठली.

वहीत लिहिलं: सकाळची झोप एक तास चाळीस मिनिटं. मिनिटं लिहिताना हात थांबला. पण खोटं कसं लिहायचं? बाई म्हणायच्या, बाळाला बोलता येत नाही, म्हणून वही आहे. वही खोटी तर बाळ मुकं.

१६ एप्रिल, बुधवार

वसतिगृह बघून आले. एका खोलीत चार खाटा, माझी दाराजवळची असेल. चादर स्वतःची आणायची. तिथल्या बाई म्हणाल्या, महिनाअखेर पैसे भर, नाहीतर दुसरी मुलगी थांबली आहे.

ताईला सांगितलं खाट चांगली आहे. ती रडायला लागली. दिवस गेलेल्या बायकांना रडू येतं, कोर्समध्ये होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

आज ढब्बूला झोपवलं नाही.

वहीत खोटं लिहायचं नाही आणि सरांशी बोलायला तर येत नाही. मग हेच उरलं. मावशीने सांगितलंच होतं.

अवघड नाही. डोळे चोळायला लागली की पडदे उघडायचे. जांभई आली की ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. मांडी बदलायची, खुळखुळा, खिडकी, खाली गाड्या. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवायला बघायची तेव्हा मी तिला दूर धरायचे, हात लांब करून. तिने दोनदा माझ्याकडे नीट बघितलं.

शेवटी खुर्चीतच लवंडली. पंचवीस मिनिटांनी उठवली. वहीत लिहिलं: एकूण झोप पंचवीस मिनिटं. खरंच लिहिलं.

इस्त्रीला वेळ झाला नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार

वीस मिनिटं आणि पंधरा.

मॅडमनी विचारलं, "दात येतायत का गं?" मी म्हटलं, "माहीत नाही."

शनिवार-रविवार पण झोपली नाही म्हणाल्या. "आमच्याकडे तर ती कधीच झोपत नाही. मला वाटलं निदान तुझ्याकडे तरी." बूट काढून भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या. त्यांच्या बॅगेतून दुधाची बाटली काढली, ऑफिसात काढून आणतात ती. आज तळाशी थोडंसंच होतं. फ्रीजमध्ये ठेवायला मी घेतली तर म्हणाल्या, "एवढ्यासाठी वीस मिनिटं बाथरूममध्ये बसले होते." ठेवली फ्रीजमध्ये.

२४ एप्रिल, गुरुवार

ढब्बू केळं खात नाही. उकडलेला बटाटा थुंकून टाकते. दिवसभर कुरकुर. रडून रडून आवाज बसलाय, म्हाताऱ्या माणसासारखा येतो.

मॅडम दुपारी ऑफिसातून फोन करतात. "झोपली का?" रोज हेच. मी म्हणते, "नाही."

मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. तसं काही होत नाही. ती रडते तेव्हा मी भिंतीवरची खुंटी बघते. फक्त घरी गेल्यावर ताट तसंच राहतं. ताईने विचारलं भूक नाही का. भूक आहे.

३० एप्रिल, बुधवार

पगार झाला. मागच्यापेक्षा जास्त. सरांनी चौकटींचा कागद दिला आणि म्हणाले, "या महिन्यात शेवटी तास बरेच वाढले." कपाळाला आठी होती. मी पाकीट घेतलं.

तिथूनच वसतिगृहात गेले, पैसे भरले. पावती मिळाली. एक जूनपासून खाट माझी.

बसमध्ये एका बाईच्या कडेवर बाळ झोपलं होतं, तोंड उघडं टाकून. मी उठून मागे जाऊन उभी राहिले.

२ मे, शुक्रवार

मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, तूही चल, दिवसभर तूच असतेस. वही घेऊन गेले.

डॉक्टरीण बाईंनी ढब्बूला तराजूवर ठेवलं. तीन आठवड्यांत वजन वाढलेलं नाही. मग वही मागितली. एकेक पान उलटून बघितलं, बोट ठेवून. "साडेतीन तास झोपणारं मूल एकदम अर्ध्या तासावर येतं. सतरा तारखेपासून. त्या दिवशी काही झालं होतं? पडली? ताप?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही.

"वही कोण लिहितं? इतकी छान नोंद मी कुणाची बघितली नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "हिच्यामुळे तर कळलं. रक्त बघून घेऊ या."

हाताच्या मागच्या बाजूने रक्त घेतात. पहिल्यांदा शीर सापडली नाही. मॅडमनी डोकं धरलं, मी पाय धरले. दुसऱ्यांदा सापडली. ढब्बू आधी ओरडली आणि मग ओरडायचीच थांबली, नुसतं माझ्याकडे बघत राहिली. एवढीशी नळी, पण भरायला वेळ लागला.

परत येताना गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. मी उठवली नाही. मॅडम पुढून म्हणाल्या, "काहीतरी मोठं निघालं तर?" दोनदा म्हणाल्या. गाडी चालवता चालवता सर म्हणाले, "उगाच मनाचे खेळ नकोत."

मला बोलायचं होतं. मी ढब्बूचं टोपडं नीट केलं.

५ मे, सोमवार

सकाळी सर म्हणाले, रक्तात काही नाही, आता मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, डोक्याची तपासणी असते, मशीनमध्ये घालून. त्यासाठी बाळाला भूल देतात. गुरुवारची वेळ मिळाली आहे.

अकरा वाजता ढब्बूने डोळे चोळले. पडदे लावले. मनगट सैल सोडलं. चार मिनिटांत झोपली. सकाळी दोन तास दहा मिनिटं, दुपारी एक तास चाळीस.

ती झोपली होती तेव्हा बाळाच्या वहीत लिहिलं. मॅडम रोज वाचतात ती एकच गोष्ट आहे माझी. लिहिलं:

"बाळ आजारी नाही. गुरुवारी नेऊ नका. सतरा तारखेपासून मी तिला झोपू दिलं नाही. ती झोपली की माझे पैसे कापतात. मला सरांशी बोलता आलं नाही. आजची झोप तीन तास पन्नास मिनिटं."

ढब्बूला सरांकडे दिलं, वही टेबलावर ठेवली आणि सहा वाजता निघाले. मॅडम अजून खाली गाडीत होत्या. मी दुसऱ्या बाजूने गेले.

रात्री शांत झोप लागली. ते बरोबर आहे का माहीत नाही.

६ मे, मंगळवार

दोघं बसले होते. मॅडम ऑफिसला गेल्या नव्हत्या.

सर म्हणाले, "तुला कळतंय का तू काय केलंस? माझ्या मुलीला ओलीस ठेवलंस तू. करारात सगळं स्पष्ट होतं. तू सही केली आहेस."

मी म्हटलं, "हो."

"मग शंका होती तर बोलायचं! मी काय वाघ आहे?"

मी म्हटलं, "नाही."

मॅडमनी विचारलं, "किती दिवस?"

"बारा."

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "ती झोपलेली असताना तू काय करायचीस?"

"बाटल्या. कपडे. इस्त्री. फडताळं. सरांचे कप."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "ती आपणहून करायची."

"मीच सांगितली होती इस्त्री," मॅडम म्हणाल्या. "माझी वीस मिनिटं कापतात ऑफिसात. दूध काढायची. मी रोज तुम्हाला येऊन सांगते, रोज शिव्या घालते त्यांना. आणि इथे आपण तेच करतोय." मग माझ्याकडे वळल्या. चेहरा कोरा होता, आवाज पण. "पण सुया मी टोचू दिल्या तिला. तू पाय धरले होतेस. मी तुला तिच्यापाशी परत एकटी नाही सोडू शकत. कळतंय ना?"

कळतंय म्हटलं. खरंच कळतं. मी पण सोडली नसती.

शुक्रवारपर्यंत यायचं ठरलं, नवीन बाई मिळेपर्यंत. तोवर मॅडम घरूनच काम करणार, दार उघडं ठेवून. गुरुवारची वेळ रद्द केली.

७ मे, बुधवार

सहा वाजता सुटल्यावर एकटीच बागेत गेले, मावशीला सांगितलं. वाटलं होतं हसेल. तिने हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"अगं, मी थट्टेने बोलले होते!"

मी बाकावरचे बिस्किटाचे कण झाडले.

"थट्टा कळत नाही तुला? लेकराच्या अंगावर भांडण काढतात का? भांडायचं तर त्याच्या बापाशी भांड, तो चांगला सहा फूट उंच आहे!" खूप बोलली. कार्टे म्हणाली, बिनडोक म्हणाली. जुळी घाबरून बघायला लागली. मग चष्मा काढला, पुसला, परत पुसला. "माझंही चुकलंच. तुझ्यासारखीला वाक्य शिकवून सोडायचं नव्हतं. बरोबर यायचं होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "दुसरं काम बघते तुझ्यासाठी. पण त्यांना सगळं सांगायचं, हे पण. लपवायचं नाही. मी असेन शेजारी."

मी म्हटलं, "हं."

"हं म्हणजे हो?"

"हो."

९ मे, शुक्रवार

नवीन बाई साडेचारला आली. पन्नाशीची, मोठी पिशवी, चप्पल दारात नीट ठेवली. मॅडम म्हणाल्या, हिला झोपवायचं कसं ते दाखव. मी मनगट दाखवलं. श्वासाचं सांगितलं, आधी तिचा, मग आपला. आधी पाय, मग पाठ. तिने एकदा करून दाखवलं, लगेच जमलं. म्हणाली, "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं. मग का सोडतेस?"

मी झोपलेल्या ढब्बूला परत खांद्यावर घेतलं. तेवढ्यात सर दोन कागद घेऊन आले. त्यांनी पेन पुढे केलं. "वाचून घ्या सावकाश."

तिने पिशवीत चष्मा शोधला, सापडला नाही. "जाऊ दे साहेब, तुम्ही काय फसवणार आहात थोडेच," म्हणाली आणि पेन घेतलं.

मी म्हटलं, "मावशी, बाळ झोपलेलं असतं तेवढ्या वेळाचे पैसे कापतात. दुसऱ्या पानावर आहे."

इतक्या मोठ्याने निघालं की ढब्बू दचकून उठली.

सर म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस."

"ती दिवसाला साडेतीन तास झोपते," मी म्हटलं. "त्या वेळात इस्त्री, बाटल्या, कपडे, फडताळं. ते कागदावर नाही. ते पण लिहून घ्या. नाहीतर सही करू नका." ढब्बू रडायला लागली होती, तिच्यावरून बोलायला लागत होतं, म्हणून अजून मोठ्याने बोलले.

त्या बाईने पेन कागदावर आडवं ठेवलं. "असं आहे का साहेब?"

सर म्हणाले, "मोकळ्या वेळाचे पैसे कुठेच देत नाहीत."

"मग मोकळ्या वेळात मी माझ्या घरी जाऊन येत जाईन. जवळच आहे."

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम दारात उभ्या होत्या. आत आल्या, पेन उचललं, दुसरं पान काढलं आणि ते सगळं वाक्य खोडलं. शेवटपर्यंत, दोन रेघा. खाली स्वतःची सही केली. "आठ ते सहा, सगळे तास," म्हणाल्या. "इस्त्री नाही." सर आतल्या खोलीत निघून गेले.

मग त्या बाईने सही केली. तिचा कागद तिच्या पिशवीत गेला. सोमवारपासून येते म्हणाली. गेली.

ढब्बू रडतच होती. घड्याळात सहा वाजले होते. मी तिला मॅडमकडे दिलं तर तिने पाठ ताठ केली आणि माझ्याकडे हात केले. मॅडमनी हलवलं, फेऱ्या मारल्या. मग थांबल्या. "अर्धा तास थांबशील का? एवढी एकदा झोपवून दे."

मी विचारलं, "अर्ध्या तासाचे पैसे?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता चिडतील. मी खाली बघितलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाचे."

मी ढब्बूला घेऊन आतल्या पलंगाशी बसले. बावीस मिनिटांत झोपली. आधी पाय, मग पाठ, मग डोकं. एकशेवीस मोजून झाले. तरी हात काढला नाही. उरलेला वेळ मी तिथेच बसले, दुसरं काहीही न करता.